मावशी, चामखीळ आणि वजरी

माझ्या मावशीइतकं दुसऱ्यांच्या हातांवर जीव टाकणारं माणूस अख्ख्या मुंबईत झालं नसेल. फक्त त्या हातांच्या मालकांशी तिला काडीचंही देणंघेणं नसे. समोरचा माणूस नगरसेवक आहे की भंगारवाला, नात्यातला आहे की परका, हे तिला बहुधा तो निघून गेल्यावर कळायचं. आधी तिची नजर जायची बोटांवर, मग पेरांवर, मग नखांच्या कडांवर, आणि तिथे एखादी चामखीळ दिसली की सराफाच्या दुकानात मोत्यांचा सर दिसल्यासारखा तिचा चेहरा उजळायचा. मावशी म्हणजे आईची सगळ्यात धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. राहायची गिरगावात एका वाडीतल्या दोन खोल्यांत आणि नोकरी करायची परळच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत, विषाणूंवर. आमचं बिऱ्हाड भोईवाड्यात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे दुपारचं जेवण तिचं आमच्याकडे असे. यायची ती "हात दाखव" म्हणतच. चाळीतल्या बायकांची बरेच दिवस अशी समजूत होती की आमच्याकडे रोज दुपारी हस्तसामुद्रिक जाणणारी कुणी बाई येते. एक-दोघींनी तर मुलींच्या लग्नाचं विचारूनही घेतलं. मावशीने त्यांचे हात मन लावून पाहिले, आणि "काहीच नाही हो तुमच्या हातावर" असं इतक्या हळहळीने सांगितलं की त्या रडत घरी गेल्या.

तिला लग्नाला नेणं म्हणजे तर जोखमीचंच काम. आमच्या एका मामेबहिणीच्या हळदीला मावशी नवऱ्या मुलाला हळद लावायला पुढे झाली आणि तिथेच अडकली. मागे बायकांची रांग खोळंबलेली, आणि ही त्याचा अंगठा उजेडाकडे धरून म्हणतेय, "वा! काय सुरेख आहे!" मुलाच्या आईला वाटलं, आपल्या लेकाच्या रूपाचं कौतुक चाललंय. ती लाजून म्हणाली, "आमच्याकडे सगळेच असे." मावशी गर्रकन वळली. "सगळ्यांना आहे? कुठे कुठे?" पुढचं सगळं कसं निभावलं ते आईलाच ठाऊक. पण त्या सोयरिकीतून आमच्या बहिणीला नवरा मिळाला आणि मावशीला, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "एक अख्खं कुटुंब" मिळालं. बसमध्ये तिकीट घेताना ती कंडक्टरचा हात धरायची तो सोडायचीच नाही. "बाई, ड्युटीवर आहे हो मी," असं एक बापडा काकुळतीला येऊन म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलंय.

तिचा हाडवैरी एकच, तो म्हणजे घोडा. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला की ती वाळून गळून पडते, हा आपल्याकडचा जुना तोडगा. मावशीने महिनाभर गोडीगुलाबीने पटवलेली चामखीळ ऐन वेळी कुणाच्या तरी आजीने केस बांधून घालवलेली असायची. शेवटी एका रविवारी ती चौपाटीजवळच्या घोडागाडीवाल्याकडे गेली आणि त्याला बजावलं की ह्यापुढे एकही केस कुणाला द्यायचा नाही. तो म्हणाला, "बाई, घोडा माझा, शेपूट त्याची. तुमचं काय जातं?" मावशी म्हणाली, "माझं संशोधन जातं!" पुढे कितीतरी दिवस तो तिला लांबून पाहिलं की गाडी वळवून घ्यायचा.

हा सगळा वेडेपणा कशासाठी, ते मावशीने एकदा आमच्या गॅलरीत उभं राहून माझ्या वडिलांना समजावलं. बाबा गिरणीत लूमखात्यात जॉबर होते. रोज माणसं गोळा करायची, मागांवर उभी करायची आणि माग चालते ठेवायचे, हे त्यांचं काम. त्यांना कुठलीही गोष्ट मुळापासून कळल्याशिवाय चैन पडत नसे. मावशी म्हणाली, "भाऊजी, कातडी म्हणजे ही आपली चाळ समजा. नव्या पेशी जन्मतात त्या तळमजल्यावर. मग वर वर सरकत, वयात येत, शेवटी अगदी वरच्या थरात जाऊन मरतात आणि गळून पडतात. चामखिळीचा विषाणू बारीकशा चिरेतून शिरतो तो थेट तळमजल्यावर. तिथे तो आपली दोन-चारच जनुकं उघडतो, तीसुद्धा दबक्या आवाजात, कुणाला पत्ता लागू न देता. पेशी जिना चढते तसा तिच्याबरोबर चढतो. आणि वरच्या मजल्यावर पोचला की मग उरलेली जनुकं उघडतो, स्वतःसाठी कवच बनवतो, आणि गळणाऱ्या कातडीबरोबर बाहेर पडून दुसरं घर शोधतो." बाबा म्हणाले, "म्हणजे खाली सूत नि वर कापड." मावशी टाळी देत म्हणाली, "अगदी तेच!"

तळाशी गप्प आणि वर बोलका, हे मावशीला माणसाच्या खऱ्या कातडीत, जागच्या जागी, डोळ्यांनी पाहायचं होतं. हा विषाणू बाटलीत वाढत नाही. त्याला थरावर थर चढलेली खरीखुरी कातडीच लागते. म्हणून हा हातांचा शोध. संस्थेतला डॉक्टर बधिर करून चामखीळ काढून देई, त्यामुळे माणसाचीही फुकटात सुटका होई. मग तो तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर लावायचे, आणि विषाणूच्या कवच बनवणाऱ्या जनुकाचा पेशीतला निरोप हुडकून त्याला चिकटेल असं किरणोत्सर्गी द्रावण त्यावर सोडायचं. वर फोटोच्या फिल्मला असतो तसला लेप द्यायचा आणि पट्ट्या काळोख्या डब्यात बंद करून आठवडेच्या आठवडे गप्प बसायचं. जिथे ते जनुक बोलत असेल तिथे काळे दाणे उमटणार.

आणि हे नुसतं चामखिळींसाठी नव्हतं. ह्याच विषाणूच्या भावकीतले काही बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाशी ठाण मांडतात, आणि तिथे तळमजल्यावरची जनुकं दबकं बोलायचं सोडून मोकाट सुटली तर त्यातून कर्करोग होतो, असा संशय तेव्हा बळावत चालला होता. परळच्या इस्पितळांबाहेर फुटपाथवर गावोगावच्या आजारी बायका आणि त्यांची माणसं पथाऱ्या टाकून असायची. मावशी रोज त्यांच्यातून वाट काढत कामाला जायची. त्यांच्याशी मात्र ती त्यांच्या हातांकडे न बघता, डोळ्यांत बघून बोलायची. तेवढ्यासाठी मला तिचा सगळा विक्षिप्तपणा माफ होता.

अशात गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा पहाटे उठून दाढी करून, शर्ट घालून बसायचे आणि भोंगा काही वाजायचा नाही. माणसं गोळा करणाऱ्या माणसाला गोळा करायला माणूस उरला नाही. ते गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्यांना उगाचच "काय, खय?" विचारत. एके दुपारी जेवताना मावशी म्हणाली, नमुने फार कमी पडतायत. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "माणसां व्हयी ना तुका? ह्यां काम माझ्यावर सोड." आणि सुरुवात त्यांनी घरापासून केली. उजव्या हाताचा तळवा पुढे करून म्हणाले, "पयली माझी घे." तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी चांगला सुपारीएवढा टणक उंचवटा होता. मावशीने तो दाबून पाहिला, भिंग लावून पाहिला. "भाऊजी, हा घट्टा आहे. पाना धरून धरून पडलेला. ह्यात विषाणू नाही."

"नीट बघ गो. मोठो आसा."

"मोठा आहे, पण चामखीळ नाही. नाही चालणार मला." बाबांचा चेहरा असा पडला की जणू त्यांच्या खात्यातलं चांगलं कापड कुणी डागी म्हणून बाजूला टाकलंय.

पण हार मानतील ते जॉबर कसले! दुसऱ्या दिवशी ते कोळणींच्या बाजारात उभे राहिले. मासळीवाल्यांचे हात कायम ओले, खवल्यांनी नि काट्यांनी चिरलेले, त्यामुळे तिथे चामखिळींचा सुकाळ, हे मावशीनेच शोधलं होतं. ती स्वतः बाजारात जायची तेव्हा "काय गो बाय, पापलेट बघतेस का माजा हात बघतेस?" असं ऐकून घ्यायची आणि हात बघण्याच्या नादात शिळे बांगडे घेऊन यायची. बाबांनी तिथे शिस्त आणली. गिरणीच्या फाटकात जसे ते बदली कामगार निवडत तशा त्यांनी चामखिळी निवडल्या. बाजारातून, खानावळींतून, संपावर बसलेल्या सोबत्यांतून माणसं हेरली, त्यांच्या पाळ्या लावल्या, आणि एका सकाळी अशा पहिल्या घोळक्याच्या पुढे चालत, ताठ मानेने ते परळच्या दिशेने निघाले. ते दिवस मोर्च्यांचे. नाक्यावर हवालदाराने अडवलं. "मोर्चा कुणाचा? मागणी काय?" बाबा म्हणाले, "चामखिळी काढा!" हवालदाराने सगळ्यांचे हात तपासले, मग इकडेतिकडे बघून हळूच टोपी बगलेत मारली, करंगळी पुढे केली आणि विचारलं, "माझी बसेल काय ह्यात?" त्याला अगदी शेवटच्या पाळीत घेतलं.

मावशीला नमुन्यांचा तोटा राहिला नाही, आणि नेमकं तिथूनच सगळं बिघडलं. डबे उघडावेत, लाल दिव्याखाली पट्ट्या धुवाव्यात, आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली काही नाही. तळाला इकडेतिकडे चुकार दाणे, आणि जिथे कवचाच्या जनुकाने नुसता गलका करायला हवा तिथे चिडीचूप. द्रावण बदललं, लेप बदलला, डब्यांतले दिवस वाढवले. पट्ट्या कोऱ्या त्या कोऱ्याच. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितलं की वर्षअखेरपर्यंत वाट पाहू. नाहीतर विषय बंद करून तुम्ही उंदरांच्या खोलीचं काम बघा. तिच्या अर्ध्या आयुष्याचा प्रश्न होता तो. मावशी जेवायला येऊन नुसतीच बसू लागली. कुणाचा हातही बघेना. आईने केलेलं बांगड्याचं तिखलं पानात तसंच राही. बाबा अस्वस्थ होऊन म्हणत, "माणसां कमी पडतत काय? आणखी आणतंय," आणि दुप्पट जोराने कामाला लागत. घरात आणखी एकच कटकट होती: आईची पाय घासायची वजरी सारखी मोरीतून नाहीशी व्हायची. "माझ्या वजरीक काय पाय फुटतत?" असा तिचा रोजचा ठणाणा.

एका दुपारी मावशी पानावर बसली असताना वरळीहून एक कोळीण आली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तिची पाळी होती, आणि दोन्ही हातांवर एकेक, अशा दोन टपोऱ्या चामखिळी असल्यामुळे बाबांनी तिला अगदी राखून ठेवली होती. आक्का सरळ मोरीवर गेली, आईकडून गरम पाणी मागून घेतलं, आणि कनवटीतून आमची वजरी काढली. मावशी नुसती बघत होती. "आक्का, हे काय करताय?"

"भाऊंनी सांगितलंय, बाय. तुज्या हापिसात जायाचं तर हात साफ नको? तसाच मासलीचा हात नेऊ काय मोठ्या लोकांत?"

बाबा अभिमानाने पुढे झाले. "एकाक पण तसो पाठवूक नाय मी. चार-चार दिवस आधी वजरी देतंय, कोमट पाण्यात भिजवून, घासून, अगदी लखलखीत करून मगे धाडतंय. तुझी इज्जत ती माझी इज्जत."

मावशीच्या हातातला घास पडला. ती उठली. उष्ट्या हातानेच तिने कपाळाला हात लावला. "भाऊजी! अहो, माझा वरचा मजला पाडलात तुम्ही! सगळ्यांचा! मी आठवडेच्या आठवडे बिनछपराच्या घरात माणसं शोधतेय!" आईला काही कळेना, मला थोडं कळलं, पण बाबांना पहिल्या झटक्यात कळलं. खाली सूत, वर कापड. आणि कापड त्यांनी स्वतः घासून मोरीत सोडलं होतं. ते मटकन स्टुलावर बसले. संपाच्या एवढ्या दिवसांत त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. "म्हणजे ह्यां सगळां माझ्यामुळां झालां?" एवढंच ते बोलले. मोरीत फक्त वजरीचा आवाज येत होता, कारण आक्का आपली घासतच होती.

"आक्का, थांबा!" मावशी किंचाळली. "कुठला हात चाललाय?"

"डावा. चार दीस झाले घासतेय. उजव्या हातानं कोयता धरते मी. तो सोलला तर खारं पानी झोंबतं. म्हनून उजवा आज शेवटाला ठेवला होता."

मावशीने तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले. मग तिचा चेहरा असा काही फुलला की मला त्या हळदीचीच आठवण झाली. "उजवा हात वर करा. वर! कशालाही लावू नका. भाऊजी, बसलात काय? टॅक्सी बोलवा!" पुढच्या मिनिटाला आम्ही सगळे टॅक्सीत. आक्का उजवा पंजा खिडकीबाहेर उंच धरून, मावशी तिचं मनगट पकडून, आणि बाबा पुढे बसून ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगत. परळ नाक्यावर लोकांना वाटलं, कुणी मोठी माणसं आशीर्वाद देत चाललीयेत. काहींनी हातही जोडले. आक्काने सगळ्यांना तोंड भरून "सुखी ऱ्हावा" म्हटलं.

डॉक्टरने दोन्ही हातांवरच्या चामखिळी काढल्या, आणि मग पुन्हा ते काळोखे डबे, पुन्हा वाट बघणं. बाबा त्या दिवसांत बाजाराकडे फिरकलेही नाहीत. आणि मग एका भर दुपारी मावशी धावत जिना चढून आली. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात प्रयोगशाळेतली रबरी सपात. तोंडात नुसतं "चला, चला." आम्हाला तिने भरल्या ताटांवरून उठवलं, वाटेत बाजारातून आक्काला कोयत्यासकट उचललं, आणि साहेबांच्या देखत एकेकाला दुर्बिणीपुढे उभं केलं. उजव्या हाताचा काप: तळ शांत, मधला भाग शांत, आणि वरच्या कडेला पेशीपेशीवर तीळ सांडल्यासारखे काळेभोर दाणे. डाव्या हाताचा काप: तोच तळ, तीच शांतता, आणि वर काही नाही, कारण वरच नव्हतं. आक्काने बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं. "ह्यो माजा हात? बरा दिसतोय." साहेबांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसला, आणि उंदरांच्या खोलीचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

बाबा दाराशीच उभे होते. मावशी त्यांना हाताला धरून आत घेऊन आली. "भाऊजी, नुसता उजवा हात दाखवला असता तर कुणीही म्हणालं असतं, डाग पडले असतील. एकाच बाईचे दोन हात, एकावर मजला आहे, एकावर नाही. आवाज फक्त वरूनच येतो हे आता कोण नाकारील? आणि तुम्ही लखलखीत करून पाठवलेले बाकीचे सगळे तुकडे तीच साक्ष देतायत. असा प्रयोग मला ठरवून सुचला नसता." बाबांनी दुर्बिणीला डोळा लावला तो काढीचनात. शेवटी म्हणाले, "खरांच गो. वर बोलता, खाली गप." आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

पुढे न घासलेल्या कितीतरी हातांवर तेच दिसलं, त्यात हवालदाराची करंगळीही होती. वजरी मावशीने जप्त केली. एकीची वजरी दुसऱ्याने वापरली की गळणाऱ्या कातडीतून विषाणू पसरतो, असं तिने सगळ्यांना झापलं. पण उशीर झाला होता. काही महिन्यांनी आईच्या टाचेला एक चामखीळ उगवली. आई संतापली आणि मावशीने पेढे वाटले. बाबांना जरा असूयाच वाटली. त्यांच्या वाट्याला तेही आलं नाही.

मग संस्थेच्या मोठ्या सभागृहात मावशीचं भाषण झालं. देशोदेशीचे विद्वान बसलेले. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून शेवटच्या रांगेत. इंग्रजीत बोलता बोलता मावशी डाव्या हाताच्या चित्रावर थांबली आणि मराठीत म्हणाली, "हे तुकडे ज्यांनी तयार केले ते इथे बसलेत. माझे भाऊजी. गिरणीत जॉबर आहेत. भाऊजी, उभे राहा." गिरणीचा भोंगा बंद होऊन तेव्हा किती काळ लोटला होता, पण ती "आहेत" म्हणाली. सगळं सभागृह वळून टाळ्या वाजवू लागलं. बाबा उभे राहिले, आणि टाळ्या थांबल्या तरी खाली बसायचं त्यांना सुचलं नाही. माझ्या बापाला मी इतका उंच पुन्हा कधी पाहिला नाही.

गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. बाबांनी पुढे मिळतील ती कामं केली. एकदा दुपारी त्यांनी मावशीपुढे पुन्हा तळवा धरला होता, ते मला आठवतं. "बघ, मऊ झालो." घट्टा जवळजवळ गेला होता. मावशीने तिथून अंगठा फिरवला आणि जेवायला बसली. आता बाबा नाहीत, आईही नाही. मावशी गिरगावात त्याच दोन खोल्यांत आहे. डोळे अधू झालेत, त्यामुळे हात बघते ती अंगठ्याने चाचपून. परवा बँकेतून सुटल्यावर गेलो तर तिने माझा तळवा सवयीने हातात घेतला, बोटं तपासली, पेरं तपासली, आणि निराश होऊन म्हणाली, "काही नाही रे तुझ्या हातावर. अगदीच बँकेतला हात." मी हसलो. तिने हात सोडला नाही. अंगठा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी नेऊन ठेवला आणि तिथेच ठेवून बसली.

"तुझ्या बाबांचा होता ना, इथे. मी नको म्हटलं त्यांना."

"चामखीळ नव्हतीच ना ती, मावशी."

"नव्हती. पण निरोगी कातडीचा नमुना म्हणून तरी घ्यायला हवा होता रे. किती आनंद झाला असता त्यांना." मग म्हणाली, "आणि आमचे मेणातले तुकडे खराब होत नाहीत. अजून असता तो."